बर्फाचे वजन करणारा प्राध्यापक

यंदा नदीला पाणी किती येईल, हा शेतकऱ्याचा सनातन प्रश्न आहे. मोसमी पावसावर जगणाऱ्या प्रदेशात त्याचे उत्तर आभाळाकडे पाहून शोधले जाते. जिथे उन्हाळ्यात पाऊस जवळजवळ पडतच नाही, तिथे ते डोंगरमाथ्यावर असते. हिवाळ्यात साचलेला बर्फ हाच तेथील जलसाठा. वसंतात तो वितळू लागला की नद्या वाहू लागतात आणि तो संपला की आटतात. हा साठा डोळ्यांना दिसतो, पण त्यात पाणी किती हे दिसत नाही. ते मोजण्याची व्यवहारात उतरणारी रीत अमेरिकेला ज्यांनी दिली, ते जेम्स एडवर्ड चर्च ना अभियंता होते ना हवामानतज्ज्ञ. नेव्हाडा विद्यापीठात ते लॅटिन शिकवत असत.

चर्च यांचा जन्म १८६९ मध्ये मिशिगन राज्यातील हॉली या गावी झाला. मिशिगन विद्यापीठातून पदवी घेऊन १८९२ मध्ये ते रीनो येथील नेव्हाडा विद्यापीठात अध्यापक म्हणून दाखल झाले. पुढे त्यांनी जर्मनीतील म्युनिक विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. ग्रीक आणि रोमन वाङ्मय, प्राचीन शिल्प आणि चित्रकला हे त्यांच्या जिव्हाळ्याचे विषय होते. रीनोत आले नसते, तर अभिजात भाषांचे एक चांगले प्राध्यापक म्हणून त्यांचे आयुष्य कदाचित शांतपणे सरले असते.

परंतु रीनोच्या नैर्ऋत्येला माउंट रोझ हे १०,७०० फुटांहून उंच शिखर उभे होते. हिवाळ्यात त्याच्या वाटेला कोणी जात नसे. १८९५ च्या हिवाळ्यात चर्च पायांना रुंद चौकटीचे हिमजोडे बांधून या शिखरावर चढले. हिवाळ्यातील ही तेथील पहिली ज्ञात चढाई मानली जाते. त्यानंतर डोंगराने त्यांना सोडले नाही. त्यांच्या पत्नी फ्लॉरेन्स याही या चढायांत त्यांच्या सोबत असत. हिमवादळात वाट चुकणे, तंबूवर बर्फाचा थर चढणे आणि ओल्या कपड्यांत रात्र काढणे हे सारे या प्राध्यापकाच्या सुट्ट्यांचा भाग होऊन बसले.

या छंदाला प्रयोजन मिळाले ते १९०५ मध्ये. त्या वर्षी चर्च यांनी माउंट रोझच्या माथ्यावर हवामानाची उपकरणे नेऊन ठेवली आणि तेथे वेधशाळेचा पाया घातला. पुढच्याच वर्षी नेव्हाडा कृषी प्रयोग केंद्राने हे काम आपल्याकडे घेतले. खालच्या खोऱ्यात पिके जाळणाऱ्या कडाक्याच्या थंडीची पूर्वसूचना माथ्यावरच्या नोंदींवरून मिळते का, आणि डोंगर व जंगल यांचा बर्फ टिकण्याशी काय संबंध आहे, असे दोन प्रश्न त्यांच्यासमोर होते. त्यांतील दुसरा प्रश्न त्यांना आयुष्यभर पुरला.

त्यामागे ट्रकी नदीचे खोरे होते. सिएरा नेव्हाडा पर्वतरांगेच्या कुशीत, कॅलिफोर्निया आणि नेव्हाडा या राज्यांच्या सीमेवर टाहो सरोवर आहे. त्याचा विस्तार सुमारे १९० चौरस मैल, तर खोली १,६०० फुटांहून अधिक. ट्रकी नदी या सरोवरातून निघते, रीनो शहरातून जाते आणि सुमारे १२० मैलांचा प्रवास करून वाळवंटातील पिरॅमिड सरोवरात विसर्जित होते. ती समुद्राला मिळतच नाही. डोंगरात पडलेला बर्फ हेच तिचे भांडवल आणि वाटेत भेटणारा प्रत्येक जण त्याचा दावेदार.

विसाव्या शतकाच्या आरंभी हे दावे एकमेकांवर आदळू लागले. सरोवराच्या मुखाशी बंधारा होता आणि त्याच्या दारांतून किती पाणी सोडायचे यावर सगळे अवलंबून होते. काठावर घरे आणि विश्रामगृहे बांधलेल्या मालकांना पाणी वर चढण्याची धास्ती असे. वीज कंपनीला नदीवरील जनित्रांसाठी बारमाही प्रवाह हवा होता. रीनोच्या आसपासच्या शेतकऱ्यांना उन्हाळ्यात पाणी हवे होते. त्यातच १९०२ च्या संघीय पाटबंधारे कायद्यानंतर सरकारने न्यूलँड्स प्रकल्प हाती घेतला. १९०५ मध्ये डर्बी बंधारा पूर्ण झाला आणि ट्रकीचे पाणी कालव्याने शेजारच्या कार्सन खोऱ्याकडे वळवले जाऊ लागले.

सरोवरातून नियंत्रित करता येणारा साठा काठोकाठच्या वरच्या सुमारे ६ फुटांपुरताच होता. पण सरोवराचा विस्तार एवढा मोठा की पातळी एक इंच चढली किंवा उतरली, तरी सुमारे सव्वा कोटी घनमीटर पाण्याचा फरक पडे. वसंतात दारे लवकर उघडली आणि बर्फ कमी निघाला, तर उन्हाळ्यात शेती करपणार. दारे बंद ठेवली आणि बर्फ जास्त निघाला, तर काठावरची घरे पाण्यात जाणार. डोंगरावर किती पाणी शिल्लक आहे हे कोणालाच ठाऊक नसल्याने प्रत्येक पक्ष आपल्या सोयीचा अंदाज बांधून दुसऱ्यावर आरोप करत असे.

चर्च यांनी हात घातला तो या अज्ञानाला. बर्फाची खोली मोजणे अवघड नव्हते, उभ्या खुणेच्या काठीने ते काम होत असे. अडचण अशी की खोलीवरून पाणी कळत नाही. नुकताच पडलेला भुसभुशीत बर्फ दहा इंच असला, तर त्यातून साधारण एक इंच पाणी निघते. तोच बर्फ हिवाळाभर दबत, गोठत, पुन्हा पाझरत वसंतापर्यंत टिकला, तर त्याच्या खोलीच्या चाळीस ते पन्नास टक्के पाणी त्यात असू शकते. दोन डोंगरांवर सारख्याच उंचीचा थर असूनही एका डोंगरावर दुसऱ्याच्या दुप्पट पाणी असणे शक्य होते. म्हणून बर्फाचे वजन करणे भाग होते आणि तेही पंधरा-वीस फुटांच्या थरात खड्डा न खणता.

यासाठी चर्च यांनी जे साधन घडवले, ते माउंट रोझ नमुनानळी या नावाने प्रसिद्ध झाले. तुकड्यातुकड्यांनी जोडता येणारी, सुमारे दीड इंच व्यासाची लांब पोलादी नळी असे तिचे रूप. खालच्या टोकाला करवतीसारखे दाते. नळी फिरवत फिरवत बर्फात उतरवायची. टोकाला माती लागली की तळ गाठल्याची खूण पटे. मग ती बर्फाच्या गाभ्यासकट वर काढून ताणकाट्याला टांगायची. रिकाम्या नळीचे वजन वजा केले की उरलेला आकडा थेट पाण्याचे इंच सांगत असे, कारण काट्यावरच्या खुणाच तशा आखलेल्या होत्या. गोठलेल्या बोटांनी गणित मांडत बसण्याची गरज उरली नाही. हिमजोडे घालून चालू शकणारा कोणीही माणूस थोड्या सरावाने हे काम करू शकत होता आणि या साधेपणामुळेच पुढे हे साधन सर्वत्र पसरले.

पण एका ठिकाणचे वजन म्हणजे खोऱ्याचा हिशेब नव्हे. डोंगरउतारावर बर्फ कधीच सारखा पडत नाही. वारा तो कड्यावरून उडवून घळीत नेतो, दक्षिण उतारावर ऊन तो लवकर खाते आणि दाट झाडीत तो फांद्यांवरच अडकतो. सगळ्या उतारांवरील बर्फाची बेरीज करून नदीत येणारे एकूण पाणी काढायचे म्हटले, तर हजारो मोजण्या कराव्या लागल्या असत्या. इथे चर्च यांनी वेगळा विचार केला. एकूण पाणी मोजण्याचा हट्ट त्यांनी सोडून दिला. ठरावीक जागी आखलेल्या रेषांवर दरवर्षी त्याच दिवसांत बर्फ मोजायचा आणि त्या जागेच्या सरासरीशी त्याची तुलना करायची. सरासरी ३० इंच पाणी असलेल्या ठिकाणी यंदा २४ इंच भरले, तर हिमसाठा ८० टक्के. मग नदीचा वसंत आणि उन्हाळ्यातील प्रवाहही तिच्या सरासरीच्या साधारण ८० टक्के राहील, असे मानायचे. पुढे पडणारा पाऊस आणि हवामान यांसाठी त्यात दुरुस्ती करायची. ही टक्केवारीची पद्धत नेव्हाडा पद्धत म्हणून ओळखली जाऊ लागली. संपूर्ण डोंगर मोजता येत नसला तरी त्याचा स्वभाव ओळखता येतो, हा तिच्यामागचा विचार होता.

१९१० नंतरच्या काही वर्षांत या पद्धतीची कसोटी टाहो सरोवरावर लागली. सरोवराभोवतीच्या उतारांवरील बर्फ मोजून वसंतात पातळी किती चढेल, याचा अंदाज चर्च आधीच देऊ लागले. बंधाऱ्याची दारे केव्हा आणि किती उघडायची हे ठरवण्यासाठी सर्व पक्षांना प्रथमच एक समान आकडा मिळाला. तो कोणत्याही एका बाजूने आणलेला नव्हता. विद्यापीठातील एक भाषाशिक्षक डोंगरावर चालत जाऊन तो घेऊन येत होता आणि उन्हाळा संपेपर्यंत सरोवर स्वतःच त्याचा खरेखोटेपणा दाखवत होते. आरोपांचा आवाज हळूहळू खाली आला, तो यामुळे.

जंगल आणि बर्फ यांच्या नात्याविषयीही चर्च यांनी महत्त्वाची निरीक्षणे नोंदवली. झाडे जितकी दाट तितका बर्फ अधिक टिकतो, ही समजूत त्यांच्या मोजण्यांत उतरली नाही. अतिदाट रानात बराच बर्फ शेंड्यांवरच अडतो आणि तिथूनच हवेत विरून जातो. उघड्या माळावर वारा आणि ऊन तो टिकू देत नाहीत. ज्या रानात मधे मधे लहान मोकळ्या जागा असतात, तिथे बर्फ जमिनीवर पोचतो आणि भोवतालच्या झाडांच्या सावलीत अधिक काळ राहतो. डोंगरावरील वृक्षतोड कुठे आणि कशी करावी, या पुढील काळातील चर्चेला या निरीक्षणांचा आधार मिळाला.

हिममोजणीची ही रीत शेजारच्या राज्यांत पोचायला वेळ लागला. युटाने ती १९२० च्या दशकात स्वीकारली. कॅलिफोर्नियाने १९२९ मध्ये राज्यव्यापी सहकारी हिममोजणी सुरू केली. १९३३ मध्ये रीनो येथे पश्चिमेकडील राज्यांची हिमपरिषद भरली आणि वेगवेगळ्या खोऱ्यांत काम करणारी माणसे एकत्र आली. लगेच १९३४ चा भीषण दुष्काळ आला. पुढे पाणी किती आहे हे आधी कळले तर पेरणी आवरता येते, गुरे वेळीच हलवता येतात आणि शहरांना काटकसर करता येते, हे त्या वर्षाने सर्वांना पटवले. १९३५ मध्ये संघीय कृषी खात्याने पश्चिमेकडील राज्यांतील हिममोजणीचे सूत्रसंचालन आपल्याकडे घेतले. एका माणसाच्या हिवाळी भटकंतीतून सुरू झालेले काम सरकारी यंत्रणेचा नियमित भाग झाले.

चर्च यांची जिज्ञासा नेव्हाडापुरती राहिली नाही. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात मिशिगन विद्यापीठाच्या ग्रीनलंड मोहिमांत ते सहभागी झाले. वयाची पन्नाशी उलटून गेल्यावर त्यांनी तेथील हिवाळा अनुभवला. १९३० च्या दशकात आंतरराष्ट्रीय हिम आयोगाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. १९३९ मध्ये ते विद्यापीठातून निवृत्त झाले. या साऱ्या धामधुमीत कलेवरील प्रेम मात्र आटले नाही. १९३१ मध्ये रीनोत स्थापन झालेल्या कलादालनाच्या संस्थापकांत ते होते. तेच दालन पुढे नेव्हाडा कलासंग्रहालय म्हणून नावारूपाला आले.

भारताशीही त्यांचा संबंध आला. १९४७ मध्ये भारत सरकारच्या निमंत्रणावरून ते हिमालयातील हिममोजणीची आखणी करण्यासाठी आले. तेव्हा त्यांचे वय ७८ वर्षे होते. त्या काळात बिहारला दरवर्षी बुडवणाऱ्या कोसी नदीवर उंच धरण बांधण्याचा विचार सुरू होता आणि नेपाळच्या डोंगरांतून येणाऱ्या पाण्याची माहिती हवी होती. परंतु हिमालयाचे गणित सिएरा नेव्हाडासारखे सरळ नाही. सिएरात बर्फ हिवाळ्यात पडतो आणि कोरड्या उन्हाळ्यात वितळतो, त्यामुळे नदीतील पाणी बर्फाशी थेट जोडता येते. पूर्व हिमालयात मात्र वितळण्याचा काळ आणि मोसमी पावसाचा काळ एकमेकांत मिसळतात. कोसीच्या पुरात पावसाचा वाटा मोठा असतो. हिवाळी बर्फावर अधिक अवलंबून असणाऱ्या सतलज आणि चिनाब यांसारख्या पश्चिमेकडील नद्यांना ही पद्धत तुलनेने अधिक लागू पडते. पर्वत बदलला की मोजण्याची रीतही नव्याने तपासावी लागते, हे भारतातील जलतज्ज्ञांना पुढील दशकांत अनुभवाने उमगत गेले.

चर्च यांच्या कामाची मर्यादाही त्यांच्याच खोऱ्यात ठळकपणे दिसते. ट्रकीच्या तळाशी असलेले पिरॅमिड सरोवर हे पाययूट या मूलनिवासी समाजाचे. त्यांचे जीवन तेथील माशांवर उभे होते. पण डर्बी बंधाऱ्यापासून पाणी वळवले गेले आणि पुढच्या सुमारे सहा दशकांत या सरोवराची पातळी ८० फुटांच्या आसपास खाली गेली. शेजारचे विनेमक्का सरोवर १९३० च्या दशकात पूर्ण कोरडे पडले. पिरॅमिड सरोवरातील प्रसिद्ध ट्राउट माशांची मूळ पैदास १९४० च्या दशकापर्यंत नष्ट झाली. वरच्या अंगाला बर्फ अचूक मोजला जात असतानाच खालच्या अंगाला हे घडत होते. येणारे पाणी किती, हे चर्च यांची नळी सांगू शकत होती. त्यात कोणाचा वाटा किती, हे सांगणे तिच्या आवाक्यात नव्हते. १९१५ च्या न्यायालयीन हुकूमनाम्याने, १९३५ च्या ट्रकी नदी कराराने आणि १९४४ च्या निवाड्याने वाटपाची चौकट बसवली. पण सरोवराला आणि पाययूटांना काही न्याय मिळण्यासाठी १९९० चा संघीय कायदा व्हावा लागला. त्यातून आकाराला आलेला नदीसंचालन करार प्रत्यक्ष अमलात यायला २०१५ साल उजाडले.

तरीही मोजमापाचे मोल त्यामुळे कमी होत नाही. या साऱ्या करारांमध्ये जी आकडेमोड होते, तिच्या मुळाशी हिमसाठ्याचा अंदाज असतोच. आकड्यावर सर्वांचे एकमत झाल्याशिवाय वाट्यावर बोलणेही सुरू होत नाही. न्याय मोजण्याने मिळत नाही, पण अज्ञान असताना तो मागणेदेखील अवघड असते. ट्रकीच्या शतकभराच्या इतिहासातून निघणारा हा निष्कर्ष कोणत्याही तंट्यात अडकलेल्या नदीला लागू पडावा असा आहे.

चर्च यांचे निधन १९५९ मध्ये वयाच्या ९० व्या वर्षी रीनो येथे झाले. नेव्हाडा विद्यापीठातील ललित कलांच्या इमारतीला त्यांचे नाव देण्यात आले आणि त्यांच्या व फ्लॉरेन्स यांच्या अस्थी त्याच इमारतीच्या कोनशिलेत ठेवण्यात आल्या. माउंट रोझच्या परिसरातील एका शिखरालाही चर्च यांचे नाव आहे. कला आणि डोंगर या दोन प्रेमांची अशी दुहेरी नोंद त्यांच्या वाट्याला आली.

त्यांच्या मागे हिममोजणीचे तंत्र खूप पुढे गेले. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकेच्या पश्चिमेकडील डोंगरांत स्वयंचलित केंद्रे उभी राहिली. बर्फाच्या भाराने दबणारी संवेदक गादी तेथील वजन दररोज कळवते. अलीकडच्या काळात विमानातून लेसर किरणांनी खोऱ्याच्या खोरे मोजले जाते. तरीही ठरावीक रेषांवर चालत जाऊन नळीने नमुना काढण्याची रीत मोडलेली नाही. १ एप्रिलची मोजणी अजूनही वर्षाचा ताळेबंद मानली जाते. २०१५ मध्ये त्या दिवशी कॅलिफोर्नियातील सिएराचा हिमसाठा सरासरीच्या जेमतेम ५ टक्के भरला आणि टाहोच्या दक्षिणेकडील नेहमीच्या मोजणीच्या जागी बर्फाऐवजी गवत होते. २०२३ मध्ये तोच साठा सरासरीच्या दुपटीहून वर गेला.

एवढी टोके आता जवळजवळ येऊ लागल्याने चर्च यांच्या पद्धतीसमोर नवा पेच उभा राहिला आहे. ती पद्धत सरासरीवर उभी आहे आणि हवामान तापू लागल्याने सरासरीच हलू लागली आहे. पूर्वी बर्फ म्हणून पडणारा काही वर्षाव आता पाऊस म्हणून पडतो आणि तत्काळ वाहून जातो. २०२१ च्या वसंतात कॅलिफोर्नियात हिमसाठ्यावरून बांधलेल्या अंदाजापेक्षा नद्यांना पुष्कळ कमी पाणी आले. कोरड्या पडलेल्या जमिनीने वितळलेले पाणी वाटेतच शोषून घेतले होते. बर्फाबरोबर मातीतील ओलावाही मोजायला हवा, हा धडा त्यातून मिळाला.

हा धडा चर्च यांना नवखा वाटला नसता. डोंगराविषयीची गृहीते त्याच्यावर चढून तपासायची, हीच त्यांची पहिल्यापासूनची रीत होती. दाट जंगलाविषयीची रूढ समजूत त्यांनी अशाच रीतीने बाजूला सारली होती. हिवाळा सरत आला की पश्चिमेकडील डोंगरांवर आजही काही माणसे हिमजोडे बांधून, खांद्यावर नळ्यांचे तुकडे घेऊन निघतात आणि त्यांच्या वहीतील इंचांवर खालच्या गावांची पेरणी ठरते.